व्हिटबीतला मलमलीचा झगा आणि आईची चंदेरी

आमच्या रेवाला रीजन्सी बॉलला जायचंय. म्हणजे दोनशे वर्षांपूर्वीच्या इंग्रज बायकांसारखा संध्याकाळचा झगा घालून नाचायचं. तिच्या कॉलेजच्या ग्रुपचं नवं खूळ. झगा ती स्वतः शिवणार, आणि त्यासाठी तिला हवी होती माझी मोतिया चंदेरी. आईनं जाण्याआधी मला घेतलेली ती शेवटची साडी. मी तिची घडीसुद्धा मोडली नव्हती.

"आई, यू नेव्हर वेअर इट!"

"म्हणून काय कात्री लावायची?"

बरेच दिवस घरात धुसफूस चालली. शेवटी मी म्हटलं, आधी खरा झगा तर बघू. व्हिटबीच्या एका छोट्या म्युझियममध्ये असे झगे मांडलेत, हे बाईसाहेबांना ठाऊक होतंच.

शनिवारी मिल्टनहून निघालो. टोरांटोपाशी ४०१ हायवे तुंबलेला असतो, म्हणून टोलचा ४०७ घेतला. खिशाला चाट बसते, पण डोकं शांत राहतं. व्हिटबीत तळ्याकाठी गाडीत बसूनच मेथीचे पराठे खाल्ले, कारण बाहेर वारा असा की दार उघडेना. म्युझियमला तिकीट नाही, दाराशी डोनेशनचा डबा आहे. जाणार असाल तर जाडे कोट बाहेरच्या खुंट्यांवर ठेवा, झग्यांची खोली अगदीच लहान आहे.

कंबर थेट छातीखाली, बाह्या फुग्याच्या आणि जेमतेम वीतभर, गळा खोल, हातमोजे कोपराच्या वर. कापड इतकं तलम की पलीकडचं दिसावं. "या थंडीत?" मी न राहवून विचारलं. तिथल्या स्वयंसेविका आजी हसल्या. "शॉल, डिअर. अँड लॉट्स ऑफ डान्सिंग."

एका पांढऱ्या झग्यापुढून मात्र माझा पाय निघेना. मलमल आपल्याकडचीच, तिच्यावर बारीक बुट्टी. खाली घेरावर सुईच्या जुन्या भोकांची रांग दिसत होती. उंची कमी करायला घातलेले टक्स नंतर उसवलेले, माझ्यासारख्या शिवणाऱ्या बाईला हे लगेच कळतं. आजींना विचारलं तर म्हणाल्या, "येस, लेट डाउन फॉर द डॉटर. शी वॉज टॉलर." शेजारी रेवा उभी होती, माझ्यापेक्षा चांगली चार बोटं उंच. मला एकदम भरून आलं.

परतताना गाडीत मीच म्हटलं, "घे साडी." आता तीच बावरली. "आर यू शुअर, आई? आय कॅन बाय फॅब्रिक."

घरी डायनिंग टेबलवर साडी उलगडली, तर घड्यांच्या रेघांवर ती विरलेली. दोन ठिकाणी बोट आरपार गेलं. इतकी वर्षं मऊ कापडात गुंडाळून जपली, आणि ती आतल्या आत फाटत होती. मी तिथेच रडले.  विरलेला भाग टाळत रेवानं कागदी नमुने साडीवर मांडून बघितले आणि म्हणाली, "देअर्स इनफ."

कात्री मी चालवली. मग मोठा तुकडा तिच्या खांद्यावर टाकून टाचण्या लावल्या. दुकानात आईनं हीच साडी अशीच माझ्या खांद्यावर टाकून बघितली होती. मोतिया रंग रेवाला खुलतो. आई असती तर तीच हे म्हणाली असती; म्हणून मी मोठ्यानं म्हटलं.