लव्हॉनची नळी

लव्हॉन स्टुट्झमन एल्कहार्टच्या वाद्यकारखान्यात एकोणीस वर्षं ट्रॉम्बोनच्या सरकत्या नळ्या सरळ करायची. नळी डोळ्यासमोर धरायची आणि केसभर बाक दिसला की हातानंच काढायची. कारखाना गावातून हलला तेव्हा छप्पन सालचा एक ट्रॉम्बोन तिनं घरी आणला. त्याची नळी तिच्याच हातची होती.

गावच्या बँडमध्ये ती माझ्या शेजारी बसायची, पलीकडे डेल पर्सेल. डेलच्या घरात भिंतभर जुने ट्रॉम्बोन टांगलेले. त्या काळच्या पितळेचा भरदार आवाज ऐकायला लांबलांबून वादक यायचे. पुढचे रुंद भोंगे त्याच्याकडे भरपूर होते, पण त्यांच्या जोडीच्या चांगल्या सरकत्या नळ्या दुर्मीळ. आधी झिजते ती नळीच.

लव्हॉनचा नवरा गेला तेव्हा थडग्यापाशी डेलनंच वाजवलं होतं. म्हणून पुढे तिच्या ट्रॉम्बोनच्या भोंग्याला पोचा आला, तेव्हा तिनं बिनधास्त वाद्य दुरुस्तीला त्याच्याकडे दिलं.

आठवड्यानं परत आलं. तालमीत पहिल्याच सुराला ती थांबली.

"डेल, नळी अडकतेय."

"नळीला काय झालंय? सहासष्ट वर्षांची झालीस तू. हात बघ तुझे."

सगळे हसले. मीही हसलो.

ती खरंच डॉक्टरकडे गेली. डॉक्टर म्हणाले, हात ठणठणीत आहेत. तरी तिचा विश्वास बसेना. चौकातल्या कार्यक्रमात तिनं आपणहून सोपा भाग मागून घेतला.

जूनमध्ये डेलनं बँडला वाद्यं घेऊन घरी जेवायला बोलावलं. चिकन-नूडल्स खाऊन लव्हॉन भिंतीपाशी गेली. एका ट्रॉम्बोनची नळी तिनं सहज ओढली; ती कुठंच अडकेना, तशी पुन्हापुन्हा ओढतच राहिली. मग वाद्य उलटं करून नळीच्या आडव्या दांडीखाली पाहिलं. तिथं कारखान्यात असताना तिनं सुईनं कोरलेलं आपल्या नावाचं बारीक अक्षर होतं.

"ही माझी नळी आहे," ती म्हणाली.

डेलनं नाही म्हटलं नाही. "तू चौकातच वाजवतेस ना. इथं ती जपली जाते. जाणकार लोक बघतात."

"आणि माझे हात?"

तो भिंतीवरचा दुसरा ट्रॉम्बोन सरळ करायला लागला.

तिनं तिथंच नळी काढली आणि आपल्या वाद्याच्या पेटीत ठेवली. आमचा बँडमास्तर मर्ल तिच्या मागोमाग दारापर्यंत गेला. "चार जुलैचा स्वातंत्र्यदिनाचा कार्यक्रम होऊ दे, लव्हॉन. डेलशिवाय ट्रॉम्बोनचा मुख्य भाग वाजवणार कोण? मग बघू."

तिनं आमच्याकडे वळून पाहिलं. आम्ही अकरा जण होतो. मी ताटलीतल्या ॲपल-पायकडे बघत बसलो.

चार जुलैला डेल वाजवत होता. तिची खुर्ची रिकामी होती. नंतर मर्लनं विषय काढला नाही, आम्हीही नाही.

आता ती शेजारच्या गोशेन गावातल्या चर्चमध्ये वाजवते. एका रविवारी मी मुद्दाम गेलो. माफी मागितली.

"नळी चोरली, ते समजू शकते," ती म्हणाली. "मोह होतो माणसाला. पण महिनाभर माझाच माझ्या हातांवर विश्वास नव्हता, आणि तुम्ही हसत होतात."

कॉफी विचारली नाही तिनं. पेटी उचलून गाडीकडे निघून गेली.