सायबाची चिलीम

मामंजींना अर्धांगवायू झाला त्याच्या दुसऱ्या आठवड्यापासून माणसं त्यांच्यादेखत त्यांच्याविषयी बोलायला लागली, आणि त्याची चीड मला आज इतक्या वर्षांनीही येते. वाचा गेली होती, उजवं अंग गेलं होतं. कान शाबूत होते, अक्कल शाबूत होती. पण जो येई तो पलंगाशी बसून आमच्या यजमानांना विचारी, "ओळखतात का कुणाला?" अरे, त्यांनाच विचारा की.

त्यात वसमतहून थोरले भाऊजी आले. हळदीचा व्यापार, मोठं घर, हाताखाली गडी. म्हणाले, "बाबाला मी घेऊन जातो. दिवाळी झाली की येतो, तयार ठेवा." मामंजींनी मान हलवली. डावीकडून उजवीकडे, दोनदा, अगदी स्वच्छ.

"ती मान रोगानं हलून राहिली," भाऊजी म्हणाले. "बाबाला काय कळतंय आता?"

मी दाराआड होते. सासऱ्यासमोर आणि थोरल्या दिरासमोर सुनेनं तोंड उघडायचं नाही, असा आमच्यातला रिवाज. मी ओठ चावून आत गेले. वसमतची ती मागची खोली मी पाहिली होती. हळदीच्या पोत्यांना लागून, वर एक झरोका, बस. इथे हिंगोलीत मामंजींना पलंगावरून रस्ता दिसे, येणाऱ्याजाणाऱ्याची चाल ओळखू येई.

मामंजी डाव्या हातानं सारखं कोनाड्याकडे बोट दाखवायचे. त्यांच्या विधवा बहीण, आमच्या आत्याबाई, कधी पाणी आणून द्यायच्या, कधी दिवा पुढे करायच्या. शेवटी एक दिवस मीच कोनाडा उपसला, तेव्हा मागे कोपऱ्यात त्यांचा पाईप सापडला.

तरुणपणी मामंजी इथल्या छावणीत कारकून होते. पलटण उठली तेव्हा कुणी गोरा साहेब हा पाईप टेबलावर विसरून गेला. मामंजींनी उचलला आणि जन्मभर ओढला. घरात त्याचं नाव सायबाची चिलीम. मुलांशी काही बोलणं झालं की मामंजी ती पलंगाच्या गातावर, कडेच्या लाकडी दांडीवर, तीनदा ठोकून राख झाडायचे आणि "झालं" म्हणायचे. मग पुढे कुणी बोलत नसे. उठायचं आणि आपापल्या कामाला लागायचं.

पण चिलमीची पार दशा झाली होती. वाटीत जळक्या तंबाखूचा थर इतका की करंगळी आत जाईना. नळी बुजलेली, टोक दातांनी चावून फाटलेलं. तशीच नेऊन दिली तर मामंजींनी फुंकून पाहिली आणि उशीवर टाकून दिली. मी ठरवलं, ही मी नीट करणार. दिवाळीच्या आत.

आत्याबाई म्हणाल्या, "बाईमाणसानं तंबाखूला हात लावायचा? काहून घराची शोभा करून राहिलीस?" हे बोलताना त्यांच्या बोटाला मिश्री होती. तंबाखू भाजून, कुटून केलेली, काळीकुट्ट. रोज सकाळी अर्धा तास त्या ती दातांना घासत. ती तंबाखू सोवळी आणि माझ्या हातातली ओवळी. मला हसू यायला हवं होतं, पण संताप आला.

बाजारात एक म्हातारे चाचा हुक्क्याच्या नळ्या बांधत. यजमानांनी कचेरीत जाताना त्यांना चिलीम दाखवली. चाचा म्हणाले, "पहले इसको ताजा करो, फिर लाओ." माझ्या माहेरी शेजारच्या घरात हुक्का होता. ताजा करणं म्हणजे पाणी बदलणं, हे मला पाठ. मी चिलीम सकाळी पाण्यात बुडवली ती दिवेलागणीला काढली. लाकूड फुगलं, नळी आवळून बसली. मी पिळून ओढली आणि ती मुळाशी कट्‌कन तुटली.

यजमानांनी तुटलेली चिलीम नेऊन दाखवली, तर चाचांकडून उत्तर आलं, "हुक्का तो पानी से ही ताजा होता है." मी त्यांना मनात नाही नाही ते बोलले. सायबाची चिलीम त्यांनी उभ्या जन्मात हातात धरली नव्हती, मग सांगायचं कशाला? पण पाण्यात तर मीच बुडवली होती, लाकडाचा अंदाज न घेता. तो राग काढायला दुसरं कुणी नव्हतं.

आठ दिवस ती सावलीत वाळू दिली. मग माझ्या चांदीच्या कानकोरण्यानं आतला थर खरवडत बसले, दुपारची भांडी झाली की, रोज थोडा थोडा. यजमान कचेरीत उर्दू नकला करत. त्यांच्या बोरूंच्या जुडीतला एक पोकळ बोरू मी न विचारता घेतला. त्याचा तुकडा सांध्यात बसवला, वरून दोरा गच्च गुंडाळला, लाख वितळवून ओतली. फाटकं टोकही लाखेनं बुजवलं. बाहेरून जवसाचं तेल चोळलं, मेण चोळलं. जोड जाडाभरडा झाला, पण हवा सरळ जात होती. हकिमानं तंबाखू बंद केली होती, म्हणून रिकामीच मामंजींच्या डाव्या हाताशी ठेवली. त्यांनी दातांत धरली, हवा ओढली, आणि किती तरी वेळ डोळे मिटून पडले.

दिवाळी झाली. भाऊजी आले, बैठकीत मामंजींच्या पलंगाशी बसून यजमानांना सांगू लागले, "उद्याच्या गाडीनं नेतो. बिस्तरा बांधून ठेवा, बाकी सगळं तिथं हाय."

मामंजींनी मान हलवली. भाऊजींनी तिकडे पाहिलंसुद्धा नाही.

मग गातावर आवाज झाला. ठक. ठक. ठक.

भाऊजींचं वाक्य अर्ध्यावर राहिलं आणि ते उठून उभे राहिले. पन्नाशीचा माणूस, लहानपणच्या सवयीनं, टोपी सावरून दाराकडे वळलासुद्धा. यजमानही उठले होते. मग भाऊजींच्या लक्षात आलं आपण का उठलो ते. तिसऱ्या ठोक्याला माझा जोड निखळून वाटी पलंगाखाली गेली होती. त्यांनी वाकून ती काढली, मी आड उभी होते त्या दाराशी आले आणि खाली बघत माझ्यापुढे धरली.

"हे पक्कं बसवा," म्हणाले. "बाबा इथंच राहून राहिले."

मी वाटी घेतली. रिवाज होता म्हणून बोलले नाही, नाहीतर विचारणार होते, की मान हलवली होती तेव्हा तुमचे डोळे कुठे होते.