पंख्यावरची चिंधी

साहेबाने छडीने विमानाच्या पंख्यावरची लाल चिंधी ओढली आणि माझ्या तोंडावर फेकली.

"विमान आहे हे. तुझी वाळत घालायची दोरी नाही."

सोबतचे पाहुणे हसले. त्यांना फिरत्या पंख्यापुढे फोटो हवा होता.

ऐंशी साल यायचं होतं. सिहोऱ्याकडच्या धानावर तुडतुडा पडला होता. औषध फवारायला साहेबाच्या शेतकी खात्याने छोटं विमान आणलं होतं. फेरी झाली की आम्ही बाया त्याच्या पोटाला लागलेलं औषध धुवायचो. विमानाच्या मिस्त्रीने पहिल्याच दिवशी ठरवून दिलं होतं, विमानाखाली जाणारीने आपली चिंधी पंख्याला बांधायची. बाहेर आल्यावर तिनेच सोडायची. चिंधी असली की पायलट इंजिनाला हात लावत नसे.

ती चिंधी माझ्या धाकट्या जावेची होती.

"साहेब, माही जाऊ खाली आहे."

"किती शिकलीस?"

"चौथी."

"मग मला विमान शिकवू नकोस."

पायलट पलीकडून चढत होता. त्याने काही पाहिलं नाही. बसला, पंखा मोकळा दिसला, साहेबाने छडी हलवली. इंजिन घरघरलं. मी वाकले, जावेचा पाय धरून तिला मागे ओढलं. बादली पंख्यापाशीच राहिली. पंख्याने तिचा पत्रा फाडला.

पायलट इंजिन बंद करून उतरला. "कपडा किसने निकाला?"

"इसीने." साहेबाने माझ्याकडे बोट केलं.

मी मिस्त्रीकडे पाहिलं. त्याने सगळं पाहिलं होतं. तो हातातला पाना पुसत राहिला.

साहेबाने चिंधी उचलून पुढे धरली. "घे, बांध. लागा कामाला."

मी घेतली नाही.

"बांधून काय करू? काढली तू, नाव माह्यं. पहिले खरं सांग पायलटले. मंग हात लावू."

साहेबाला तू म्हटलं. चाकापुढे बसले. जाऊ बसली. मग बाकीच्या बसल्या.

पाहुण्यांत आमच्याच गावचा पाटील होता. तो ओरडला, "अवं, तुमचंच धान खाऊन राहिला ना तुडतुडा!"

"खाऊ दे."

साहेबाने पायलटला खरं सांगितलं नाही. विमान उडालं नाही. आमच्या बांधीतलं, म्हणजे खाचरातलं, धान करपून गेलं.

संध्याकाळी मिस्त्री मला एकटीला गाठून म्हणाला, "गलती हो गई, बाई."

"चौघांत गप होता. चौघांत बोल."

नाही बोलला.

आता माझ्या नाती कारखान्यात कामाला जातात. त्यांना सांगून ठेवलं आहे. वरचा खोटं बोलतो आणि सोबतचा गप बसतो, तिथे यंत्राखाली जायचं नाही. कामावरून काढलं तरी नाही.