बेनिनच्या बांधीत पाणी

इतर विषयांच्या शिक्षकांकडे वर्षाअखेर निकाल जमतो. माझ्याकडे किस्से जमतात! सिहोऱ्याच्या कनिष्ठ महाविद्यालयात राज्यशास्त्र शिकवायचं म्हणजे फळ्यावर चीन, ब्राझील, दक्षिण आफ्रिका आणि खिडकीबाहेर धानाच्या बांध्या, म्हणजे भाताची खाचरं. या दोघांची रोज कुठे ना कुठे गाठ पडतेच. मी मुद्दाम काही गोळा करत नाही. पण घरी जेवायला बसलो की नवरा विचारतो, "मेश्राम मॅडम, आज जगात काय झालं?" आणि मी सुरू होते. हे सगळे किस्से एकाच वर्षातले आहेत. त्या वर्षी माझा विषय जगतो की मरतो, हेच ठरायचं होतं.

*

जूनच्या पहिल्याच आठवड्यात प्राचार्य रहांगडाले सरांनी मला केबिनमध्ये बोलावलं. माणूस चांगला, पण शेती आणि महाविद्यालय एकाच हिशेबानं चालवणारा. जे पीक येत नाही ते लावायचं नाही!

"मॅडम, अकरावीला राज्यशास्त्र घेणारी पोरं कमी होऊन राहिली. पुढच्या जूनमध्ये पोरं आली नाही, तर विषय बंद. तुम्ही मराठीचे तास घ्या."

मी म्हटलं, "सर, सध्या हाच विषय सगळ्यात जिवंत आहे. नवे देश वर येत आहेत, जुने देश घाबरले आहेत. रोज धडा बदलतो."

"तिकडं कोण वर आलं न् कोण खाली गेलं, त्यानं सिहोऱ्याले काय फरक पडते?"

तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. तुमसरला त्यांच्या मेहुण्याची राइस मिल आहे. मेहुण्याचा आवाज एवढा मोठा की मला टेबलाच्या या बाजूला सगळं ऐकू येत होतं. सरकारनं तांदूळ बाहेर पाठवणं बंद केलं होतं, आफ्रिकेत जाणारा माल अडकला होता आणि पोती मिलमध्ये पडून होती.

सरांनी फोन ठेवला. छताकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं.

"तरी बी," ते म्हणाले.

*

मग मी इरेला पेटले. वर्षभर बारावीच्या वर्गात एक जागतिक परिषद चालवायची, प्रत्येकानं एकेक देश व्हायचं आणि फेब्रुवारीत सगळ्या पालकांसमोर तिचं मोठं अधिवेशन भरवायचं. दहावीच्या मुलांचे आईबाप आले, त्यांनी टाळ्या वाजवल्या, की जूनमध्ये माझा वर्ग भरला!

पहिली अडचण नकाशाची. आमच्या नकाशांच्या कपाटात अजून गोंदिया भंडाऱ्यातच आहे आणि सोव्हिएत संघही शाबूत आहे. सौरभ नावाचा उंच मुलगा नकाशासमोर उभा राहून म्हणाला, "मॅडम, एवढा मोठा देश आहे, मले हाच द्या." मी सांगितलं, तो फुटला. त्याचा चेहरा उतरला. शेवटी त्याला अमेरिका दिली, तेव्हा कुठे समाधान झालं.

रोशनीला भारत मिळाला. तिच्यासारखी बोलणारी मुलगी दुसरी नव्हती, म्हणून मी तो आधीच बाजूला ठेवला होता. काजलला बेनिन. पश्चिम आफ्रिकेतला हा छोटा देश आपला तांदूळ खातो, हे मीच त्या फोननंतर शोधून काढलं होतं. आणि आकाशला मी 'युरोप' अशी एकच चिठ्ठी दिली. दुसऱ्या दिवशी तो तणतणत आला.

"मॅडम, काजलले एक देश न् मले एवढे? इतका अभ्यास कोण करल?"

मी म्हटलं, "अरे, त्यात फ्रान्स आहे. फ्रान्सकडे व्हेटो असतो. तू एकटा नाही म्हणालास की सगळ्या जगाचं काम थांबतं."

आकाशनं चिठ्ठी परत खिशात घातली. "मंग राहू द्या," तो म्हणाला.

*

गृहपाठ दिला होता की नव्या आर्थिक सत्तांचा एक पुरावा आपापल्या घरातून आणा. मला वाटलं, वर्तमानपत्राची कात्रणं येतील.

सकाळी वर्गात गेले तर पाय ठेवायला जागा नाही! फवारणीचा पंप होता, टॉर्च होत्या, पामतेलाचे रिकामे डबे होते. एकानं तर धान कापायच्या यंत्राचा सुटा भाग सायकलला बांधून आणला होता. प्रत्येकानं उभं राहून आपली वस्तू कुठून आली ते सांगितलं. चीन, इंडोनेशिया, मलेशिया, व्हिएतनाम... फळा भरला. मला इतका आनंद झाला होता की मी तास संपल्याची घंटाही ऐकली नाही.

शेवटी काजल उठली. तिच्या हातात मूठभर तांदूळ होता.

"यांनी सगळ्यांनी घेतलेलं आणलं," ती म्हणाली. "मी विकलेलं आणलं."

तिला मी सगळ्यांपेक्षा जास्त गुण दिले. बाकीच्यांनी आठवडाभर माझ्याशी अबोला धरला.

*

व्हेटो शिकवणं सोपं नाही. म्हणून मी ठरवलं, पाच मोठ्या देशांना वर्गाच्या सगळ्या निर्णयांवर खराखुरा व्हेटो द्यायचा. नेमकी त्याच आठवड्यात सहल ठरायची होती.

बावनथडी धरणावर जाऊ, असं ठरलं. रशियानं सांगितलं, नाही. मोहाडीला देवीच्या मंदिरात जाऊ, तर अमेरिका म्हणाली, तिथं आमचं दरवर्षी नवस फेडायला जाणं होतंच. नाकाडोंगरीकडच्या जंगलात जाऊ, तर आकाशनं फ्रान्सच्या वतीनं हात वर केला. कारण विचारलं तर म्हणाला, "कारण सांगा लागते काय? तुम्ही तर म्हणाल्या, नुसतं नाही म्हटलं तरी चालते."

सहल झालीच नाही.

"मॅडम," मागच्या बाकावरून रोशनी म्हणाली, "धडा समजला जी. आता व्हेटो परत घ्या."

मी म्हटलं, "तो परत घेता येत नाही. तो काढायच्या ठरावावरही व्हेटो वापरता येतो!"

*

पण खरी मजा पुढेच झाली. व्हेटो नसलेल्या मुलांनी मला न विचारता आपला वेगळा गट केला. भारत, ब्राझील, दक्षिण आफ्रिका, इंडोनेशिया, बेनिन. रविवारी पोहे आणि मुरमुऱ्याचा चिवडा घेऊन हा गट सायकलींवर चांदपूरच्या तलावावर जाऊन आला. सोमवारी वर्गात फक्त त्याच गप्पा. कोण घसरलं, कोणाचा डबा माकडानं पळवला!

मधल्या सुट्टीत चीन आणि रशिया या दोन मैत्रिणी माझ्याकडे आल्या. दोघी घुटमळत होत्या.

"मॅडम, आमचा व्हेटो ठेवून त्यांच्या गटात बी जाता येते काय?"

मी पुस्तक मिटलं. नव्या देशांच्या गटांवरची पुढची सात पानं शिकवायची गरज उरली नव्हती.

*

सराव परीक्षेत प्रश्न होता, 'महासत्ता म्हणजे काय? उदयोन्मुख सत्तांशी तिची तुलना करा.' आमच्या बहुतेक मुलांची शेती एकाच तलावाच्या नहरावर, म्हणजे कालव्यावर आहे. नहराच्या तोंडाशी ज्यांच्या बांध्या, त्यांना पाणी आधी. 'टेल'ला, म्हणजे नहराच्या शेवटाला ज्यांच्या बांध्या, त्यांना उरलं तर. गेट उघडायचं हँडल वर्षानुवर्षं तोंडाशी असलेल्यांच्याच हातात आहे. हे मला माहीत होतं, पण मुलांच्या डोक्यात ते किती पक्कं बसलं आहे, ते पेपर तपासताना कळलं.

रोशनीनं लिहिलं होतं, 'पूर्वी टेलवाल्यांकडे काही नव्हते. आता त्यांच्याकडे ट्रॅक्टर, हार्वेस्टर व शिकलेली मुले आहेत. तरीही हँडल जुन्याच लोकांकडे आहे. यालाच आजचे जागतिक राजकारण म्हणतात.'

पुस्तकात असं एक वाक्य नाही. मी पूर्ण गुण दिले आणि ती उत्तरपत्रिका स्टाफरूममध्ये मोठ्यानं वाचून दाखवली. भूगोलाच्या सरांनी चहाचा कप खाली ठेवला. ते स्वतः टेलचे!

*

आणि मग अधिवेशन. मैदानात मांडव घातला होता. पालक आले, दहावीच्या मुलांचे आईबाप आले, प्रमुख पाहुणे म्हणून रहांगडाले सर पुढच्या खुर्चीवर. आज टाळ्या पडल्या नाहीत तर जूनपासून मी मराठीचं व्याकरण शिकवणार, हे मला ठाऊक होतं.

कार्यक्रम मी अगदी सोपा ठेवला होता. नव्या सत्तांना मोठ्या टेबलावर जागा द्यायची की नाही, यावर चर्चा. शेवटी रोशनी उठेल, भारतासाठी कायमची खुर्ची मागेल, मांडव दणाणून जाईल, मग चहा.

रोशनी उठली. साडीला लावलेला तिरंगा तिनं नीट केला. आणि भलतंच बोलायला लागली.

"भारताले सहावी खुर्ची नको. पाच जणांच्या जागी सहा जणांनी हँडल धरलं, तरी बेनिनच्या बांधीत पाणी जाणार नाही."

मी तिला डोळ्यांनी खुणावलं. तिनं पाहिलंच नाही.

"माझ्या मामाच्या गावात हँडल शेवटच्या बांधीवाल्याकडे असते. त्याच्या बांधीत पाणी पोचलं म्हणजे सगळ्यांच्या पोचलं. तो मधातच गेट बंद करू शकत नाही, कारण त्याचंच धान मरल. म्हणून माझा ठराव आहे, जगाचं हँडल बेनिनले द्या."

मग मांडवाच्या मागच्या भागातून अशी टाळी उठली की कावळे उडाले! मागे सगळे टेलवाले बसले होते. पुढे तोंडाशी बांध्या असलेले. त्यांच्यातून आकाशचे बाबा उभे राहिले.

"हे कोणत्या पुस्तकात आहे, मॅडम?"

"पुस्तकात कायले पाहिजे?" मागून रोशनीच्या वडिलांचा आवाज. "नहरावर जाऊन पाहा ना."

झालं! जग राहिलं बाजूला. आकाशनं आधी आपल्या बाबांकडे पाहिलं आणि फ्रान्सचा व्हेटो टाकला. बेनिन हातात पाटी घेऊन उभी होती, तिला कोणी बोलूच देईना. मी घाईघाईनं मतदान जाहीर केलं, तर अमेरिकेनं बेनिनच्या बाजूनं हात वर केला.

"अबे, तू अमेरिका आहेस," आकाश ओरडला.

"अमेरिका इथं आहे," सौरभ हात तसाच ठेवून म्हणाला. "घर तर टेललेच आहे ना."

ठराव पास झाला की नाही, मला आजही सांगता येणार नाही. चहाची किटली तशीच गार झाली. लोक भांडत भांडत मैदानाबाहेर गेले आणि फाटकापाशी पुन्हा उभे राहून भांडले. मला एकाच वेळी रडू येत होतं आणि आनंदानं ओरडावंसं वाटत होतं. जागतिक राजकारणावर एवढे लोक एवढ्या जोरात भांडताना मी आयुष्यात पाहिले नव्हते!

रहांगडाले सर शेवटी उठले. त्यांच्या बांध्या नहराच्या अगदी तोंडाशी आहेत.

"मॅडम," ते थंडपणे म्हणाले, "तुम्हाले जग शिकवायले ठेवलं होतं, गाव नाही."

त्या संध्याकाळी मी घरी येऊन नवऱ्याला सांगितलं, विषय गेला. त्यानं पहिल्यांदाच जगाची चौकशी केली नाही.

*

उन्हाळ्यात पाणीवाटपासाठी तलावाची सभा झाली. मी गेले नव्हते, माझं तिथं शेत नाही. रहांगडाले सर गेले होते. तिथं टेलवालेच बोलत राहिले, असं कानावर आलं. नंतर ते भेटले की फक्त नमस्कार करायचे.

जूनमध्ये मी अकरावीच्या प्रवेशाच्या टेबलावर बसले होते. मराठीचं पुस्तक पिशवीत टाकूनच आले होते. टेलच्या गावांमधली मुलं येत होती आणि राज्यशास्त्र मागत होती. पण शेवटी सही प्राचार्यांचीच. दुपारी ते स्वतः आले. सोबत त्यांचा मुलगा होता. त्याला विज्ञान देणार, हे सगळ्या सिहोऱ्याला माहीत होतं.

सरांनी खुर्ची ओढली. मुलाला पुढे उभं केलं.

"याले राज्यशास्त्र लिहा."

मी हातातलं पेन खाली ठेवलं. "सर, तुमचा मुलगा? विज्ञान नाही?"

सरांनी आजूबाजूला पाहिलं आणि आवाज खाली आणला.

"आता सगळे बोलणारे टेललेच आहेत, मॅडम. आमच्याकडूनबी कोणी बोलणारा पाहिजे ना."