दात अनावश्यक

आमच्या दादाने आजवर निम्म्या गावाला हनुवटी खाली घ्यायला लावली आहे. "हनुवटी खाली. खांदे सैल. श्वास घ्या. सोडू नका!" या चार हुकमांत माणूस असा काही आवळला जातो की फोटोत मुख्याध्यापक, शिंपी आणि नवरी मुलगी तिघांचा चेहरा सारखाच येतो. पोलिसांनी चौकशीला बोलावलंय आणि खरं सांगायचं की नाही ते अजून ठरलेलं नाही, असा. स्टुडिओच्या काचेमागे असे बेचाळीस चेहरे रस्त्याकडे बघत लावलेले आहेत. त्यांत दातांच्या डॉक्टरांचा कुत्राही आहे. फक्त तोच जरा मोकळा वाटतो, कारण त्याला हनुवटीचं काही कळलं नव्हतं.

मी दादाची धाकटी बहीण. स्टुडिओत फोटो साफ करायचं काम माझं. आधी ब्रशने करायचे, आता कॉम्प्युटरवर. गावातला एकूण एक मस मला पाठ आहे. लग्न मी केलं नाही, त्यामुळे दादा-वहिनीच्या भांडणात मला दोन्ही बाजूंनी बोलता येतं. पण खरं सांगायचं तर मी नेहमी वहिनीच्याच बाजूने बोलते.

दादाला वाटतं, फोटो काढता येणं ही किरकोळ गोष्ट आहे. लोकांना कोणता चेहरा आवडेल हे ओळखणं, ही खरी विद्या. आणि ती आपल्याला आहे. गिऱ्हाइकाला स्वतःचा फोटो तो कधीच निवडू देत नाही. "स्वतःचा चेहरा माणसाला कळत नाही. बघायचा असतो दुसऱ्यांनी," असं म्हणतो, आणि दुसऱ्यांच्या वतीने स्वतःच बघतो. त्यासाठी त्याच्याकडे एक काळा पुठ्ठा आहे. मधोमध आडवी फट पाडलेली, दोन बोटं रुंद. त्याला तो 'खिडकी' म्हणतो. फोटोवर खिडकी ठेवायची, आधी नुसते डोळे बघायचे, मग नाक, मग ओठ, मग हनुवटी, शेवटी खांदे. प्रत्येकाला दहापैकी मार्क. अख्खा चेहरा बघायचा नाही म्हणजे नाही.

"अख्खा बघितला की माणूस फसतो," हे त्याचं ठरलेलं वाक्य. "ओळख आडवी येते, दया आडवी येते. तुकड्यातुकड्याने बघावं, म्हणजे खरं काय ते दिसतं."

लग्न झाल्यावर पहिल्याच आठवड्यात त्याने वहिनीला स्टुलावर बसवून तिचे सहा फोटो काढले, सहांवरून खिडकी फिरवली आणि निकाल दिला, "तुझा चेहरा कॅमेऱ्यात येत नाही." वाईट मनाने नव्हे. डॉक्टरने रक्तगट सांगावा तसं सांगून टाकलं त्याने. पण त्या दिवसापासून एकोणतीस वर्षं आमच्या घरातल्या प्रत्येक फोटोत वहिनी एकतर कडेला अर्धी आहे, नाहीतर मुळीच नाही, कारण ती बाहेर उभी राहून दिवा धरते आहे. परक्या माणसाने आमचा अल्बम बघितला तर त्याला वाटेल, या घरात एक मोकळा खांदा राहतो.

वहिनी याबद्दल कधी बोलत नसे. गेल्या वर्षी एकदाच, काचेमागचे फोटो पुसताना, पाठमोरीच म्हणाली, "वन्सं, खरंच इतका वाईट आहे का हो माझा चेहरा?"

मला एवढा राग आला की हातातला माउस मी टेबलावर आपटला. मी म्हटलं, "दादाच्या डोक्यात भुसा भरलाय." ती म्हणाली, "तुम्ही घरच्या. तुम्ही असंच म्हणणार." आणि पुन्हा कुत्र्याचा फोटो पुसायला लागली. तिला घरच्यांचं मत नकोच होतं. ओळखपाळख नसलेल्या माणसाने तिच्याकडे बघून काय ते सांगावं, एवढंच तिला हवं होतं; आणि स्टुडिओवाल्याच्या बायकोला गावात ओळख नसलेला माणूस कुठून मिळणार?

त्यानंतर महिन्याभरात गच्चीवरची पाण्याची टाकी गळायला लागली. प्लंबरला दाखवायला टाकीचा फोटो काढावा म्हणून मी मोबाइल घेऊन वर गेले. वहिनी कपडे वाळत घालत होती. मी वाकून नळाजवळ जाते न जाते तोच पाइप निसटला आणि मी नखशिखांत भिजले. चष्म्यासकट. वहिनीने माझ्याकडे बघितलं आणि तिला जे हसू फुटलं ते आवरेचना. तोंडातला कपड्याचा चिमटा खाली पडला, ती कठड्याला टेकली, हातातला ओला टॉवेल पोटाशी घट्ट धरला. आपण भिजलेल्या माणसाला किती निर्दयपणे हसतो ते तिला नंतर दाखवावं, म्हणून मी रागारागाने बटण दाबलं.

संध्याकाळी मोबाइल पुसून फोटो उघडला आणि माझा राग पार उतरला. फोटो वाकडा होता, उजेड पाठीमागून होता, केस उडालेले होते. पण त्या बाईकडे बघून मला उगीचच हसू आलं. भिजले मी होते, तरी हसू आलं. मी तो वहिनीला दाखवला. तिने चष्मा लावला, काढला, पुन्हा लावला.

"ही मी?"

"नाहीतर काय, टाकी?"

तिने दोन बोटांनी फोटो मोठा करून बघितला. मग हळूच म्हणाली, "कुणा परक्याला दाखवता येईल का हो? पण कोण आहे ते सांगायचं नाही."

नेमकं त्याच सुमारास वाचनालयाने स्पर्धा जाहीर केली होती. हौशी लोकांनी काढलेली व्यक्तिचित्रं, विषय 'मनात भरणारा चेहरा'. प्रत्येक फोटोवर फक्त नंबर, नावं बंद पाकिटात. दोन बक्षिसं होती, एक परीक्षकांचं आणि एक बघायला येणाऱ्यांचं, त्यांनी पेटीत चिठ्ठ्या टाकायच्या. परीक्षक तिघे. चित्रकलेचे मास्तर, एक निवृत्त न्यायाधीश आणि अर्थातच आमचा दादा. न्यायाधीशांना फोटोतलं काही कळत नव्हतं, पण तसं कबूल करणारे तिघांत ते एकटेच.

दादा परीक्षक आहे म्हणून मी मागे हटत होते. वहिनीच म्हणाली, "असू द्या. ओळखतील की ते. ओळखलं तर बाजूला ठेवतील, मार्क देणार नाहीत. चिठ्ठ्या तर बाकीचे टाकतील." आम्ही फोटो मोठा करून घेतला आणि देऊन आलो. त्याला तेवीस नंबर मिळाला.

पुढच्याच रविवारी सकाळी ते एकावन्न फोटो परीक्षणासाठी आमच्या घरी येऊन पडले. मास्तरांचं बघून झालं होतं. दादाने टेबल पुसलं, चष्मा पुसला, खिडकी पुसली. ग्रंथपाल बाईंनी गठ्ठा पालथा बांधून दिला होता. दादा एकेक फोटो पालथाच उचलायचा, वर खिडकी ठेवायचा आणि मगच सुलटा करायचा. केवढी ती निष्ठा! मी समोर बसून त्याचे मार्क कागदावर उतरवून घेत होते.

आठ नंबरला त्याने पन्नासपैकी सत्तेचाळीस दिले. टायरच्या दुकानाचे मालक, मूठ हनुवटीखाली, नजर छताकडे. "याला म्हणतात विचार!" दादा म्हणाला. माझ्या मते ते पंख्याकडे बघत होते.

मग तेवीस आला.

"डोळे," दादा म्हणाला. "बारीक. जवळजवळ मिटलेत. तीन." फट खाली सरकली. "नाक हसताना पसरतंय. चार." मला वाटलं, आता ओळखेल, आता थबकेल. वहिनी चहा घेऊन आली होती. ती कप हातात धरून तशीच उभी राहिली. फट आणखी खाली सरकली. "हे काय! लिही, दात अनावश्यक. दोन."

"कोण आहे हो?" वहिनीने विचारलं.

"काय माहीत. असेल कुणीतरी." दादाने मानही वर केली नाही. "फोटो काढणाऱ्याचा दोष नाही. अशा बाईने हसू नये."

मी तोंड उघडलं होतं. वहिनीने टेबलाखालून माझ्या पायावर पाय दिला, चांगला जोरात. कप ठेवला आणि आत गेली. हनुवटीला तीन, खांद्यांना दोन, एकूण चौदा. ते मी माझ्या हाताने लिहिलं. स्वतःची इतकी चीड मला कधी आली नव्हती.

आत जाऊन बघते तर वहिनी पोळ्या लाटत होती. "सांगून टाकू का त्याला?" मी विचारलं.

"नको. त्यांनी परक्यासारखं बघितलं ना? तेच तर हवं होतं मला." पुढची पोळी मात्र तिने इतकी पातळ लाटली की ती पोळपाटालाच चिकटली.

ग्रंथपाल बाईंना पारदर्शकतेचा भारी सोस. त्यांनी प्रदर्शनात प्रत्येक फोटोखाली परीक्षकांचे मार्क शेऱ्यांसकट लावले. एकट्या दादानेच शेरे दिले होते, त्यामुळे एकावन्न फोटोंखाली त्याचीच सही. पहिल्या तासातच सगळ्या गावाने वहिनीला ओळखलं. शिंप्याने ओळखलं, दूधवाल्याने ओळखलं, तिला आयुष्यात दोनदा पाहिलेल्या डॉक्टरांनी ओळखलं. आधी लोक फोटोकडे बघून हसायचे, मोकळं, बरं वाटल्यासारखं. मग खालचा कागद वाचायचे आणि खोकायचे; दादाला सांगायला मात्र कोणी धजावलं नाही. बाहेरगावहून पाहुणी म्हणून आलेली एक बाई दोन वेळा परत येऊन तेवीसपुढे उभी राहिली. कोणाला तरी म्हणाली, "हिच्या घरी राहायला जावंसं वाटतं."

वहिनी खांबाआड होती. तिने ते ऐकलं. मी तिच्याकडे बघितलं नाही, कारण मलाच रडू येत होतं.

चारशे आठ चिठ्ठ्यांपैकी दोनशे ऐंशी तेवीसला पडल्या. परीक्षकांचं बक्षीस गेलं ते टायरवाल्यांना; चिठ्ठ्या त्यांना पाच, त्यांतल्या चार एकाच अक्षरात.

दादा समारंभाला आला तो कडक इस्त्रीत. 'चेहरा आकर्षक कशाने होतो' यावर तो पंधरा मिनिटं बोलणार होता. भाषणाची घडी खिशातून काढत काढत तो व्यासपीठाकडे निघाला आणि वाटेत तेवीससमोर आला. दहा फुटांवरून, अख्खा चेहरा, मध्ये खिडकी नाही. तो थांबला. खालचा कागद त्याने वाचला. जवळ जाऊन स्वतःची सही बघितली. नंतर तो व्यासपीठावर उभा राहिला खरा, पण त्याची दातखीळ बसली होती. दोनदा घसा खाकरून तो म्हणाला, "बक्षीस योग्य चेहऱ्याला मिळालं आहे," आणि खाली उतरला. कोणता चेहरा ते त्याने सांगितलं नाही. शेजारी बसलेले न्यायाधीश मला हळूच म्हणाले, "तो चौदा मार्कांचा निकाल वरच्या कोर्टात टिकला नसता."

आम्ही तिघं घरी आलो. वहिनीने बक्षिसाचं घड्याळ स्वयंपाकघरात लावलं, किल्ली दिली, वेळ जुळवली. दादा दारात उभा राहून बघत होता. त्याला बोलायचं होतं, पण क्षमा मागण्याची सवय नसल्यामुळे सुरुवात कुठून करावी ते कळत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने दुकान उघडायच्या आधीच दिवे लावले आणि वहिनीला बोलावलं. तिला स्टुलावर बसवलं. मीही गेले, अशा वेळी मी घरात बसणाऱ्यांतली नाही. दादा हनुवटीबद्दल काही बोलला नाही, खांद्यांबद्दल काही बोलला नाही. नुसता बटण दाबत राहिला. बारा फोटो काढले. मी ते पडद्यावर उघडत गेले. बाराही वेळा तीच, चौकशीला बोलावलेली बाई.

"हस ना," दादा म्हणाला. त्याचा आवाज मऊ होता. मी तसा तो कधी ऐकला नव्हता. "त्या दिवशी हसलीस तशी."

"येत नाही."

"का? त्या दिवशी आलं की."

"त्या दिवशी तुम्ही नव्हता," वहिनी म्हणाली. टोमणा नव्हता तो. तिने नुसतं उत्तर दिलं.

दादा कॅमेऱ्यामागून बाहेर आला. काय करावं ते न सुचून त्याने एक दिवा बंद केला, मग पुन्हा लावला.

"मी घरी असतो तेव्हा," तो म्हणाला, "तेव्हा कशी असतेस तू?"

वहिनी स्टुलावरून उठली नाही. तोंड त्याच्याकडे करून सरळ बसली.

"मला कसं दिसणार? तुम्हीच सांगा. एकोणतीस वर्षं समोर आहे मी."

दादाने तिच्याकडे बघितलं. मी वाट बघत होते, वहिनीही वाट बघत होती. पण त्याला काही सांगता आलं नाही.