नॉर्बर्ट झास्ट्रोचा स्वदेशी टोस्टर

नॉर्बर्ट झास्ट्रोला जेवायला बोलावलं की ऑस्टरव्हिलमधली शहाणी बाई वाडग्यात लगेच सूप वाढत नाही. आधी रिकामा वाडगा त्याच्या हातात देते. तो वाडगा उलटा करतो, कपाळावरचा चष्मा नाकावर आणतो, बुडावरचा शिक्का वाचतो, 'हं' म्हणतो, आणि मगच त्या वाडग्यात काही ओतायला हरकत नसते. लावर्न डिट्मनला हे ठाऊक नव्हतं, तेव्हा एका ईस्टरला त्याने तिचं ग्रेव्हीचं भांडं भरलेलं असतानाच उलटं केलं होतं. टेबलक्लॉथवरचा डाग अजून गेलेला नाही आणि लावर्नच्या तोंडून तो विषयही गेलेला नाही. शिक्का मात्र ओहायोचा निघाला. नॉर्बर्ट तेवढ्यावर खूश होता.

वस्तू अमेरिकेत बनलेली असली पाहिजे, एवढंच त्याचं म्हणणं. चिनी माणसाशी त्याचं वैर नव्हतं. "बिचारे राबतात," तो म्हणायचा. "त्यांनी त्यांची भांडी करावीत, आपण आपली करावीत, आणि कधीतरी एकमेकांकडे जेवायला जावं." पण हे जगाने ऐकलं नाही. आमच्या गावचा पातेल्यांचा कारखाना बंद पडला. नॉर्बर्टने जिच्यावर उमेदीची सगळी वर्षं घालवली ती पत्रा दाबून पातेली घडवणारी प्रेस परदेशात विकली गेली, आणि तिच्या पेटाऱ्याला खिळे ठोकायला माणूस हवा होता म्हणून नॉर्बर्टलाच बोलावलं. त्याने ठोकले. नीट, सरळ, एकही खिळा वाकडा न जाऊ देता. घरी येऊन तो गॅरेजमध्ये रडला. हे त्याच्या बायकोला, आर्डिसला, ठाऊक आहे. तिला ठाऊक आहे हे त्याला अजून ठाऊक नाही.

तेव्हापासून हे खूळ. झाडू इथला, बादली इथली, मोजे नॉर्थ कॅरोलायनाचे, कपडे वाळत घालायचे चिमटे व्हरमाँटचे. मासे सोलायची सुरी मिळवायला तो मिशिगनपर्यंत गाडी हाकत गेला होता, आणि येताना त्याने मासा आणला नाही. एकदा मात्र तो फसला. चार जुलैला, स्वातंत्र्यदिनी, मोठ्या दुकानातून झेंडा आणला, अंगणात आठवडाभर फडकवला, आणि एके दिवशी वाऱ्याने शिवणीतली चिठ्ठी बाहेर आली. झेंडाच परदेशी! फडकवता येईना आणि झेंडा म्हणून फेकताही येईना. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी गत. शेवटी त्याने तो त्रिकोणी घडी घालून कपाटात ठेवला आणि त्या कपाटाला पाठ करून बसायला लागला.

आर्डिसने हे सगळं पदरी पडलं आणि पवित्र झालं म्हणून चालवून घेतलं. ती काही मूग गिळून बसणारी नव्हती. रोज तोंडाने हिशेब चुकता करायची. "माझा पण तळ बघून घे एकदा," ती चर्चच्या तळघरात चारचौघींसमोर म्हणायची, "मी मिनेसोटात तयार झालेय, चालतं ना?" बायका हसायच्या, नॉर्बर्ट कॉफी ढवळत राहायचा. लावर्न डिट्मन मात्र हसता हसता आर्डिसचा हात हातात घ्यायची. "कसं गं काढतेस दिवस?" असं कुजबुजायची. ती कीव आर्डिसला कुठल्याही टोमण्याहून जास्त लागायची.

मग टोस्टर मेला. लग्नातला होता, इथलाच होता, आणि एका सकाळी ठिणगी टाकून गेला. नॉर्बर्टने तो गॅरेजमध्ये उघडला, जोडला, पुन्हा उघडला. काही उपयोग झाला नाही. आता देशी टोस्टर कुठे मिळायचा? हॉटेलांना लागतो तसला एक त्याने शोधून काढला, कपाटाएवढा, सरकत्या पट्ट्याचा. चित्र पाहून आर्डिस म्हणाली, "ह्यात पाव भाजायचा की मला?" दुसऱ्या एका खोक्यावर 'अमेरिकेत डिझाइन केलेला' असं लिहिलं होतं. नॉर्बर्ट दुकानातल्या पोराला म्हणाला, "म्हणजे डोकं इथलं आणि हात दुसऱ्याचे. मला डोकं भाजायचं नाही, पाव भाजायचाय." पोराने खोकं परत फळीवर ठेवलं.

तर झास्ट्रोंच्या घरी राय ब्रेड बिडाच्या तव्यावर भाजला जाऊ लागला. तवा टेनेसीचा, वजनाला ऐरणीचा भाऊ. आर्डिसला सकाळी दुसरं काही लागत नाही. लोणी लावलेला कडक टोस्ट आणि काळी कॉफी मिळाली की ती दिवसभर कुणाचंही ऐकून घेते. तव्यावरचा पाव एका बाजूने करपायचा, दुसरीकडे ओला राहायचा. तरी तिने वर्षभर तो खाल्ला.

नोव्हेंबरात चर्चच्या पायरीवर बर्फावरून घसरून तिचं उजवं मनगट मोडलं. कोपरापासून बोटांपर्यंत प्लास्टर. आता तवा उचलायचा कसा? दोन दिवस तिने डाव्या हाताने प्रयत्न केला. तिसऱ्या दिवशी तिने वरच्या खोलीतून सूटकेस आणून स्वयंपाकघराच्या दारात ठेवली.

"ही कशाला?" नॉर्बर्टने विचारलं.

"ग्लेंडाकडे जाते. अॅरिझोनाला." ग्लेंडा तिची बहीण. "तिथे बर्फ नाही, आणि तिच्याकडे टोस्टर आहे."

"किती दिवस?"

"नाताळच्या आत ह्या ओट्यावर टोस्टर आला तर अजिबात नाही. नाही आला, तर बर्फ वितळेपर्यंत. पुढचं पुढे बघू."

"आर्डिस, मी शोधतोय ना गं."

"तू शोधतोयस रे बाबा. पण मी चावतेय ना तो कच्चा पाव!"

ती नुसती चिडून बोलली असती तर नॉर्बर्टने फार मनावर घेतलं नसतं. पण सूटकेसवर तिने औषधांची पिशवीही ठेवली होती. म्हणजे ती खरंच निघाली होती. सकाळी उठून ह्या ओट्याशी एकट्याने उभं राहायचं, ह्याची त्याला कल्पनाही करवत नव्हती आणि ते सोसवणारही नव्हतं.

देव त्याच्या बाजूने होता असं त्याला वाटलं, कारण त्याच आठवड्यात अर्मा व्हेल्करच्या घरातल्या सामानाचा सेल निघाला. अर्माबाई नव्वदी पार करून गेल्या आणि त्यांनी उभ्या आयुष्यात काही टाकून दिलं नव्हतं. मेलेल्या माणसाचं घर उघडतात, प्रत्येक वस्तूला चिठ्ठी लावतात, आणि गाव आत घुसतं. नियम एकच. ज्या वस्तूवर तुमचा हात, ती तुमची. हात उचलला की ती सगळ्यांची.

नॉर्बर्ट उजाडायच्या आधीच दारापुढे जाऊन उभा राहिला. त्याच्यामागे लांब तपकिरी कोट घातलेली एक बाई होती, इलिनॉय राज्यातली. तिच्या गाडीची नंबरपाटी पाहून रांगेतल्या सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. इलिनॉयवाले आमच्याकडे येतात, रस्त्याच्या मधोमध गाडी चालवतात, आणि आमच्या आज्यांची भांडी शिकागोला नेऊन शोभेची म्हणून विकतात.

दार उघडलं. नॉर्बर्ट दिवाणखाना, आरामखुर्च्या, काचेची हरणं ह्यांच्याकडे ढुंकूनही न बघता सरळ स्वयंपाकघरात गेला. आणि तिथे, पावाच्या डब्याशेजारी, तो होता. चकचकीत, गोल खांद्यांचा, दोन हातांनी उचलावा असा जड. पाव आत ठेवला की हा स्वतःच त्याला खाली घेतो, ह्या जातीचा. आता असे कुणी बनवत नाही. नॉर्बर्टने त्यावर दोन्ही हात ठेवले. त्याला देवळात उभं राहिल्यासारखं वाटलं.

आता शहाण्या माणसाने काय करावं? बगलेत मारून पैसे भरायला जावं. एवढा जुना टोस्टर दुसरीकडे कुठे बनलेला असणार? पण ज्याला झेंड्याने फसवलं त्याचा टोस्टरवर काय विश्वास! नॉर्बर्टने तो उलटा केला. त्याबरोबर अर्माबाईंच्या कित्येक वर्षांच्या न्याहारीचा चुरा भसकन बाहेर पडला. त्याच्या बाहीत, बुटात, आणि कपाळावरून नाकावर आणलेल्या चष्म्यावर. शिक्का समोर होता आणि दिसत नव्हता.

म्हणून त्याने टोस्टर ओट्यावर ठेवला, चष्मा काढला, आणि शर्टाला पुसला.

चष्मा परत डोळ्यांवर आला तेव्हा टोस्टर तपकिरी कोटाच्या बगलेत होता.

"अहो बाई, तो माझा आहे," नॉर्बर्ट म्हणाला.

"तुमचा हात नव्हता त्याच्यावर," ती गोड हसून म्हणाली.

"मी फक्त शिक्का बघत होतो!"

तिने टोस्टर वाकडा करून खाली पाहिलं. "अमेरिकेतलाच आहे," ती म्हणाली. "काळजी करू नका." आणि ती गेली. नियम नियम असतो. रांगेतल्या आमच्याच लोकांनी मान हलवली, पण तिला कुणी अडवलं नाही.

घरी आल्यावर नॉर्बर्टने सगळं सांगितलं. आर्डिस चिडेल, टोमणा मारेल, 'माझा पण तळ' म्हणेल, ह्याची तो वाट पाहत राहिला. डाव्या हाताने तिने पावाचा एक तुकडा घेतला, लोणी फासायचा प्रयत्न केला, तुकडा फाटला, तो तिने तसाच थंड खाल्ला आणि खिडकीबाहेर पाहत बसली. बोलणाऱ्या आर्डिसबरोबर नॉर्बर्टने सगळा जन्म काढला होता. गप्प आर्डिस त्याला झेपेना.

त्याने टोपी खाली ओढली आणि महामार्गावरच्या मोठ्या दुकानाकडे गाडी वळवली. आत चोरासारखा गेला. हाताला आला तो टोस्टर उचलला. खोकं वाचलं नाही, उलटंही केलं नाही. उलटं करून कळणार काय होतं! पैसे भरताना मान वर केली नाही. गाडीपर्यंत खोकं जॅकेटखाली धरून आला. पोट एवढं पुढे आलेलं पाहून पार्किंगमधल्या एका म्हाताऱ्याने त्याला थांबून विचारलं, बरं वाटत नाही का. "नाही," नॉर्बर्ट म्हणाला, आणि ते खरंच होतं.

त्याने टोस्टर ओट्यावर ठेवला. "घे," तो म्हणाला. "सूटकेस वर ठेवून येतो."

आर्डिस उठली. डाव्या हाताने, प्लास्टरचा टेकू देत, तिने तो टोस्टर उलटा केला. जन्मात पहिल्यांदा तिने कशाचा तळ पाहिला असेल. सावकाश वाचला. मग विचारलं, "हे काय?"

"टोस्टर."

"ते दिसतंय मला. हा परत कर."

"अगं, पण तुला..."

"वर्षभर मी त्या तव्यावरचा करपलेला पाव खाल्ला, नॉर्ब. त्याआधी ते चिमटे सोसले, ती सुरी सोसली, लावर्नची ती मेली कीव सोसली. सगळं गाव म्हणतं झास्ट्रोंचं घर वेडं आहे. आणि आता तू एकटाच शहाणा होणार? मग मी एवढे दिवस काय उगाच वेडी होते?"

नॉर्बर्टचे डोळे भरून आले, आणि ह्या वेळी गॅरेज गाठायला सवड नव्हती.

"पण तुझा टोस्ट?"

"हात माझा मोडलाय, तुझे नाही. उद्यापासून तव्यावर तू भाज. दोन्ही बाजू. करपवलास तर तूच खायचा."

"आणि ग्लेंडा?"

"ग्लेंडा दिवसभर बोलते. तिच्यापुढे माझा नंबर कधी लागायचा? चल, गाडी काढ. दुकान बंद व्हायच्या आत देऊन येऊ."

परतीच्या काउंटरवर रांग होती, आणि नशीब बघा, त्यांच्यामागे येऊन उभी राहिली कोण, तर लावर्न डिट्मन. हातात परत करायचे पडदे. तिची नजर खोक्यावर गेली, खोक्यावरून नॉर्बर्टवर, आणि तिच्या चेहऱ्यावर ईस्टरचा सूड उगवला.

"अगंबाई!" ती म्हणाली. "मोठ्या दुकानातला टोस्टर? झास्ट्रोंच्या घरी? घेतला कुणी हा?"

"मी," आर्डिस म्हणाली. पापणीही लवली नाही. "माझ्याकडून चुकलं. नॉर्बने पाहिल्याबरोबर सांगितलं, परत देऊन ये."

नॉर्बर्टने बायकोकडे पाहिलं. बायबलवर हात न ठेवताही जी खरं तेच बोलायची ती आर्डिस, चर्चमधल्या सगळ्यात मोठ्या तोंडापुढे, त्याच्यासाठी धडधडीत खोटं बोलत होती.

"नाही," तो म्हणाला. "मी घेतला. चोरून घेतला. जॅकेटखाली लपवून नेला. तिला टोस्ट हवा होता."

"त्याचं काय ऐकतेस," आर्डिस लावर्नला म्हणाली. "मीच घेतला."

"मी घेतला, लावर्न."

"नॉर्बर्ट, तू गप्प बस."

"नाही बसणार."

लावर्न एकदा हिच्याकडे, एकदा त्याच्याकडे बघत राहिली. कीव कुणाची करावी तेच तिला उमजेना, आणि हळूहळू तिने पडद्यांची पिशवी खाली ठेवली.

काउंटरमागच्या मुलीने च्युइंग गम ह्या गालातून त्या गालात नेला. "टोस्टरमध्ये काही बिघाड आहे का?"

"काही नाही," दोघंही एकदम म्हणाले.

"मग तुमच्यापैकी कुणी का घेतला असेना," ती म्हणाली आणि कागद पुढे सरकवला, "इथे सही करा, 'मी घेतला होता' म्हणून. कुणीतरी एकाने."

आर्डिसने पेनसाठी प्लास्टरमधला हात पुढे केला. बोटं वळेनात. नॉर्बर्टने तो हात हळूच बाजूला केला, पेन घेतलं, आणि लावर्नला नीट वाचता येईल अशा मोठ्या अक्षरांत आपलं पूर्ण नाव लिहिलं.