पोखर्णीचा नरसू

आधी हातातला चहा संपवा, नंतर ठसका लागला तर मला बोल लावाल. एका माणसानं सगळ्या जिंतुरासमोर, माईक हातात घेऊन, स्वतःचं हसं कसं करून घेतलं ते सांगतो. आणि तो माणूस दुसरा तिसरा कुणी नाही, मीच!

सगळं सुरू झालं पेपरमधल्या कार्टूनवरून. माझं भांड्यांचं दुकान. शटर वर करायच्या आधी घरी पेपर वाचतो, तोही मागून. बातम्या काय, गिऱ्हाईकं येऊन सांगतातच. कार्टून मात्र ज्याचं त्यालाच बघावं लागतं.

आमच्या पेपरात कार्टूनच्या तीन पट्ट्या यायच्या. एक परदेशातली, मराठीत आणून टाकलेली. त्यातला नवरा दारापुढचा बर्फ फावड्यानं उकरायचा. आता मला सांगा, एप्रिल महिन्यात, जिंतुरात, बर्फ? आमच्याकडं बर्फ म्हणजे रसवंतीवाल्यानं पोत्यात गुंडाळून ठेवलेली लादी!

दुसरी माझी लाडकी, बोकडोबा. बोकड एक शब्द बोलायचा नाही, नुसता खायचा. पाहुण्याची टोपी खायचा, लग्नाची पत्रिका खायचा. एकदा तर चौकोनाची रेघच खाऊन शेजारच्या चौकोनात गेला. काय डोकं आहे का नाही?

आणि तिसरी, बापूराव. वाळका, झुपकेदार मिशांचा रिटायर मास्तर. पहिल्या चौकोनात काहीतरी घडायचं. दुसऱ्यात बापूराव त्या वस्तूला बोटानं टक टक वाजवून बघायचे, मग ते टरबूज असो नाहीतर एसटी. तिसऱ्यात ठरलेलं वाक्य, ‘माझं काही म्हणणं नाही, पण...’ आणि पुढं चौकोनभर म्हणणं! रोज! हेच!

कार्टून शिळं का होतं, याचा मी अभ्यास केलेला आहे. सुरुवातीला काढणारा चार ठिकाणी हिंडतो, माणसं बघतो. मग लोक एका वाक्याला हसतात आणि हा तेच वाक्य धरून बसतो. एक दिवस वांग्याची भाजी चांगली झाली म्हणून तीच महिनाभर गरम करून वाढायची का? माझं काही म्हणणं नाही, पण माणसाला स्वतःला कळायला पाहिजे.

पण आमच्या मंगलला, म्हणजे बायकोला, हसू यायचं ते नेमकं बापूरावांचंच. आणि कसं हसू! तोंडात पदर, डोळ्यांत पाणी, तव्यावर भाकरी करपलेली. इतक्या वर्षांच्या संसारात मी किती विनोद सांगितले असतील? प्रत्येक वेळी उत्तर एकच, “बरं. येताना दळण आना.”

मी जळायला लागलो. खोटं कशाला बोलू? बायको तिसऱ्याच माणसाच्या विनोदाला रडेपर्यंत हसते आणि आपल्याला दळण आणायला पाठवते, तर कुणाला बरं वाटेल? वर ती ते कार्टून कात्रीनं कापून फ्रिजला चिकटवायची. मी फ्रिजच्या दारावर दोन टिचक्या मारून पुन्हा पुन्हा वाचायचो. एकदाही हसू आलं नाही.

शेवटी विचारलं, “काय हाय ह्यात एवढं हासन्यासारखं?”

“आवो, किती बारीक बघतो तो! जसं काय आपल्या घरात येऊन बसलाय.”

घरात येऊन बसलाय! त्या दिवशी मी पट्टीच्या कोपऱ्यातली सही भिंग लावून पाहिली. ‘नरसू’. आता गंमत बघा, मंगलचं माहेर पोखर्णी. पोखर्णीला नरसिंहाचं देऊळ. म्हणजे हा नरसू माहेरचाच कुणीतरी निघायचा!

“तुमच्या गावात नरसू म्हनून कोन हाय गं?” मी सहज विचारल्यासारखं केलं.

“आमच्या पोखर्णीत ढेकूळ भिरकावलं तर कोन्या ना कोन्या नरसिंगालाच लागतं. तुमाला कोनता पायजे?” असं म्हणून ती हसत आत गेली.

‘कोणी नाही’ असं म्हणाली का? नाही! माझ्या डोळ्यांपुढं तो उभाच राहिला. कुरळे केस, खादीचा झब्बा, खांद्याला पिशवी, आणि लहानपणी मंगलसोबत चिंचा पाडणारा. त्या रात्री मला जेवण गेलं नाही.

ठरवलं, ह्या नरसूला उघडा पाडायचा. सुरुवात केली आमच्या दुकानाशेजारच्या चहाच्या हॉटेलात. तिथं बशीरभाई टेलर आणि चार मित्र रोजचे. मी चहाचा ग्लास बोटानं वाजवला, तडा आहे का बघायला, आणि म्हणालो, “माझं काय म्हननं न्हाई, पन त्या बापूरावात आता राम उरला न्हाई. मानसानं रोज एकच वाक्य बोलायचं म्हंजे काय?”

बशीरभाईंच्या नाकातून चहा आला! बाकीचे मांड्या ठोकायला लागले. मी चकितच झालो. म्हटलं, अरे वा, आपला विनोद चालायलाय की!

मग काय, रोज चहाच्या वेळी माझं भाषण. ऐकणारे वाढत गेले. दुकानात गिऱ्हाईक यायचं, मी पातेलं वाजवून दाखवायचो, आणि गिऱ्हाईक म्हणायचं, “आप्पा, ते बापूरावाचं होऊन जाऊ द्या की येकदा!” मी सांगायचो, ती माणसं पोट धरून हसायची. एक बाई तर पातेलं न घेताच गेली आणि शेजारणींना घेऊन परत आली. मला वाटलं, नरसूची आता काही धडगत नाही.

आणि मग बातमी आली. पेपरवाल्यांचा वाचक मेळावा, मंगल कार्यालयात. प्रमुख पाहुणे, ‘बापूराव’ काढणारे कलाकार!

त्या दिवशी मंगलनं लग्नकार्याला ठेवलेली नारायणपेठ साडी काढली. वर गजरा! मला म्हणते, “तुमी बी इस्तरीचा सदरा घाला.” माझ्या भावाच्या साखरपुड्याला हिनं गजरा घातला नव्हता हो! मी इस्त्रीचा सदरा घातला आणि मनात म्हणालो, आज हिच्या डोळ्यांदेखत त्या नरसूची इज्जत काढतो का नाही बघ.

कार्यालय गच्च भरलं. पाहुण्यांची परभणीहून येणारी एसटी लेट. तेवढ्या वेळात कुणा वाचकाला बोलायचं असेल तर यावं, असं कुणीतरी पुकारलं. पुकारणाऱ्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत मी स्टेजवर होतो.

माईक चालू आहे का बघायला बोटानं दोनदा वाजवला. टक टक. सगळं कार्यालय हसलं!

म्हटलं, अजून मी बोललोसुद्धा नाही. “माझं काय म्हननं न्हाई, पन...”

अहो, छत खाली येतंय की काय असा हशा! मागं एक जण खुर्चीसकट आडवा झाला. मी पहिल्या रांगेत बघितलं. मंगलच्या तोंडात पदर, डोळ्यांत पाणी. माझ्या बोलण्याला! माझ्या! काय सांगू, त्या क्षणी मला कुणी आमदारकी दिली असती तरी नको म्हणालो असतो.

चेव चढला. शेजारच्या स्पीकरच्या खोक्यावर टिचक्या मारत मी गरजलो, “आरे, असा मानूस असतो का कुठं? दिसंल त्याला टकटक करनारा! तोंड उघडलं की तेच वाक्य! असा येक तरी मानूस ह्या जिंतुरात मला दाखवा!”

दाखवला. अख्ख्या कार्यालयानं बोट वर केलं, आणि प्रत्येक बोट माझ्याकडं!

मी मागं वळून बघितलं. म्हटलं, माझ्या पाठीमागं कुणी उभं आहे की काय. तर खरंच उभं होतं. माझी मेहुणी सुनंदा! परभणीला शाळेत ड्रॉइंग शिकवते ती. मागच्या दारानं आलेली, खांद्याला पिशवी.

“आगं, तू कशी इथं?”

“दाजी,” ती हात जोडून म्हणाली, “मीच नरसू. आपल्या गावच्या देवाचं नाव घेतलं. रोज संध्याकाळी ताईचा फोन असतो. आज तुझे दाजी काय म्हनले, आज तुझे दाजी काय केले. मी नुसत्या मिशा लावल्या आन् तुमाला बारीक केलं.”

माझ्या हातातला माईक खाली आला. समोरून बशीरभाई ओरडले, “क्या आप्पा! म्हंजे तुमी मुद्दाम करत नव्हता? आमाला वाटलं तुमी बापूरावची नक्कल करायलात! काय झकास करायलात म्हनून आमी रोज चहा पाजायलो!”

तरी बघा, अब्रू गेली तरी खोड जाते का? मी सुनंदाला म्हणालोच, “ते राहू दे. पन मग ते शिळं कामून व्हायलंय, ते सांग.”

“मी काय करू दाजी? ताई म्हनती, आजकाल तुमी दुसरं काहीच करंना झालात. नुसतं बापूरावाला नावं ठेवत बसायलात. मी नवीन आनू कुठून?”

घ्या! म्हणजे इतके दिवस मी ज्या बापूरावावर जळत होतो, तोही मीच, आणि शिळा झालेलाही मीच!

आम्ही दोघं पायीच घरी निघालो. मग न राहवून मंगलला विचारलं, “एवढं हासू येतं, तर माझ्या विनोदाला कधी कामून हासली न्हाईस?”

“तुमच्या विनोदात काय हाय हासन्यासारखं?” ती म्हणाली. “हासन्यासारखा तर मानूस हाय.”

खरं सांगतो, मला लय बरं वाटलं. रस्ताभर तिनं माझा हात सोडला नाही.

दुसऱ्या दिवशी पट्टीत बापूराव, हातात माईक. मी स्वतः कात्रीनं कापून फ्रिजला लावली. सकाळी दूधवाला आला, त्यालाही आत बोलावून दाखवली. पंधरवडाभर कसं छान चाललं होतं.

पण परवा पेपर उघडला, तर पट्टीत बापूराव नाहीतच! एक नवाच गडी, टकल्या, मांजराला घाबरणारा. आणि मंगल? तोंडात पदर, डोळ्यांत पाणी!

मी पेपर खाली ठेवला आणि तडक सुनंदाला फोन लावला. म्हटलं, “सुनंदा, माझं काय म्हननं न्हाई, पन हा टकल्या कोन?”